हसवणाऱ्यांचा स्वर्ग

राजगृहाच्या वेळुवनात तालपुट नावाचा एक नट बुद्धांना भेटायला आला. नुसता नट नव्हे, नाटकमंडळीचा नायक. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, हिशेबानं कंपनीचा मालक, दिग्दर्शक आणि प्रमुख विनोदी नट, सगळं एकाच अंगावर. त्यानं विचारलं: आमच्या धंद्यातले जुने आचार्य सांगत आले आहेत, की जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याची सरमिसळ करून लोकांना हसवतो आणि रमवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. यावर भगवंतांचं म्हणणं काय? बुद्ध म्हणाले, राहू दे, मला हे विचारू नकोस. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र उत्तर मिळालं, आणि ते असं होतं की तालपुट रडायलाच लागला.

संयुत्त निकायातलं हे सूत्र आहे. आमच्या विहारात वर्षावासाच्या दिवसांत भंतेजींनी धम्मदेसनेत ते सांगितलं तेव्हा बाहेर धानाच्या बांध्यांवर पाऊस कोसळत होता आणि आत एक विचित्र चुळबुळ सुरू झाली होती. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या तलावापासून फार लांब नाही. विहारात बसलेल्यांतल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला. मी स्वतः प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि उरलेल्या रात्री नाटकांत पेटी वाजवण्यात घालवल्या. माझ्या शेजारी माझी भाची बसली होती. तेव्हा ती बारावीला होती, पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं. जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतं, मंडईच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा, मोबाइलवर तिच्या गाण्यांचे व्हिडिओ, आणि नुकताच टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात छोटासा प्रवेश. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मामा, मंग मी बी त्यातलीच ना?"

लहान पोरीनं विचारलेला प्रश्न म्हणून हसून सोडून द्यावा असा तो नव्हता.

बुद्ध तालपुटाला काय म्हणाले ते आधी नीट पाहू. ते म्हणाले, माणसं आधीच लोभानं, द्वेषानं, मोहानं बांधलेली असतात. नट त्यांच्यापुढं तेच लोभाचे, द्वेषाचे, मोहाचे विषय आणखी रंगवून मांडतो. स्वतः धुंद आणि बेसावध होऊन दुसऱ्यांना धुंद आणि बेसावध करतो. असा माणूस मेल्यावर 'पहास' नावाच्या नरकात जातो. म्हणजे हसऱ्या देवांच्या लोकाचं जे नाव, तेच नाव नरकालाही. आणि शेवटी, हसवण्याच्या बळावर मी स्वर्गात जाणारच असं जो धरून बसतो, त्याची ती समजूतच चुकीची आहे.

आम्ही बाबासाहेबांच्या वाटेनं आलेली माणसं. मेल्यानंतरच्या लोकांचे नकाशे आम्हाला फारसे पटत नाहीत. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचताना वाढलेल्या माणसाला नरक म्हटलं की तो इथंच कुठंतरी शोधावासा वाटतो. मला तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

त्यासाठी आधी टीव्हीवरच्या 2008-09 च्या एका हंगामाची आठवण करून देतो. झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' लागायचं. आमच्याकडं भारनियमन असायचं, म्हणून ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरी अर्धी वस्ती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर. ही पाच मुलं म्हणजे त्या वर्षीचे घरोघरचे भाचे-पुतणेच. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रधार. आमच्या इथल्या आज्यांना विधानसभेचा आमदार आठवत नसे, पण मुग्धाला सगळे 'लिटिल मॉनिटर' म्हणतात हे पाठ. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी जिंकली.

मराठीत याआधी लहान वयाचे गाणारे नव्हते असं नाही. नारायण राजहंसाला टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं तेव्हा तो पोरसवदाच होता. लता मंगेशकरांचं सिनेमासाठी ध्वनिमुद्रित झालेलं पहिलं गाणं 1942 सालचं, तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या. ज्या सिनेमासाठी ते होतं त्याचं नाव 'किती हसाल'. गाणं सिनेमातून गळलं. त्याच वर्षी वडील गेले आणि घर चालवायला त्यांनी सिनेमात छोट्या भूमिका केल्या. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढं हसणं-रडणं आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्या पुढं मोकळेपणानं सांगत. पण ते त्या वयात विचारलं कुणी?

बालगंधर्वांना आणि लताबाईंना नसलेली एक गोष्ट 2008 च्या मुलांना होती: दर आठवड्याला मोजली जाणारी माया. एसएमएसनं मतं. त्या पाचांचं पुढं चांगलं झालं, हे मला मनापासून आवडतं. आर्या 2017 मध्ये 'ती सध्या काय करते'ची नायिका झाली, रोहित 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला, मुग्धा आणि प्रथमेशनं लग्न केलं, आणि 2021 मध्ये ही पाचही जणं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसली. मला प्रश्न पडतो तो त्या पाचांचा नाही. त्यांच्याकडं पाहून गावोगाव ज्या शेकडो मुलांच्या आईबापांनी पेटी विकत घेतली त्यांचा आहे. माझ्याकडंही शिकायला आली. आठ वर्षांच्या मुलाला आणून बाप सांगायचा, "गुरुजी, याला टीव्हीपुरतं शिकवा." टीव्हीपुरतं म्हणजे किती, हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नसे.

आणि मग आली विनोदाची लाट. 'चला हवा येऊ द्या' 2014 साली सुरू झालं आणि 2024 पर्यंत चाललं. सिनेमावाले, गाणारे, नाटकवाले आपल्या नव्या कामाची जाहिरात करायला त्या मंचावर येत. हळूहळू असं झालं की गाणं ऐकवायचं असेल तर आधी हसवून घ्यावं लागेल, किंवा निदान हसायला तरी यावं लागेल. भाऊ कदमांचं नुसतं येऊन उभं राहणं, भारत गणेशपुऱ्यांची वऱ्हाडी, सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे तेव्हा हसता हसता रडणारी माणसं. मी यातलं बरंच आवडीनं पाहिलं आहे. पोस्टमनच्या पत्राला माझ्या घरात डोळे पुसले गेले आहेत, म्हणून विनोद म्हणजे उथळ असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण माझ्या भाचीचं जे झालं ते असं. एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमासाठी नागपूरला निवड झाली, तिथून मुंबईला बोलावणं. ती गाणारी म्हणून गेली. चार ओळी गायली, छान गायली. मग कार्यक्रमाच्या लेखकानं तिला सांगितलं, "आता तू तुमच्याकडच्या भाषेतच बोल, ती जरा कॉमेडी आहे." ती म्हणाली, "माझी माय रोज अशीच बोलते. ती का कॉमेडी करते?" याच्यावर तिथं मोठा हशा पिकला आणि तो माणूस म्हणाला, वा, हेच ठेवू! ठेवलंही. मंचासमोर बसलेल्या प्रेक्षकांना एक मुलगा बाजूला उभा राहून हातानं खुणावत होता, हसा, आता टाळ्या. भाग दिसला तेव्हा गाण्याच्या चार ओळींतल्या दोनच उरल्या होत्या आणि तिची माय कॉमेडी करते का हा प्रश्न मात्र दोनदा दाखवला होता. गावात कौतुकच झालं. ग्रामपंचायतीनं फलक लावला. तिची आई, म्हणजे माझी बहीण, आठवडाभर दुकानात गेली तरी तोंड मिटून राहिली. वस्तूकडं बोट दाखवायची आणि पैसे द्यायची.

मला तालपुटाचा नरक दिसला तो त्या बोट दाखवण्यात. तिथं जाळ नव्हता, कढई नव्हती, सगळे हसतच होते.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ सांगा की विनोद अकुशल आहे, मोकळे व्हा. पौर्णिमेला अष्टशील घेताना नाच, गाणं, वाद्य, तमाशा यांपासून दूर राहण्याचं शील आपण घेतोच. घेतो खरं. पण ते एका दिवसाचं आहे आणि रोजच्या पंचशीलात ते नाही. संसारी माणसाला बुद्धांनी गाऊ नको असं सांगितलेलं नाही. आमच्याच माणसांचा इतिहासही उलट साक्ष देतो. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा तमाशाचा साचा उचलला, देवादिकांची स्तुती काढून टाकली, पण विनोदी संवाद ठेवले. सावकार, भटजी, गावचा पाटील यांची टर उडवत ते गावोगाव फिरले. ती टर ऐकून माणसं घरी जायची ती धुंद होऊन नव्हे, काहीतरी ठरवून जायची. माझे आजोबा सांगत, 1954 साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले तेव्हा आमचा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता, आणि प्रचारात भाषणापेक्षा गाणं-सोंगाची वाट लोक जास्त पाहत. बाबासाहेब ती निवडणूक हरले. पण त्या रात्री हसलेल्या माणसांना बेसावध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणजे हसवण्यात दोन जाती आहेत. एक हसू माणसाला त्याच्या खुर्चीवरून खाली ओढतं, दुसरं खाली बसलेल्यालाच आणखी खाली ढकलतं. भाचीच्या बाबतीत दुसरं झालं. हे समजायला भंतेजींची गरज नव्हती, बहिणीकडं पाहिलं तरी पुरे होतं.

मात्र एवढ्यावर थांबलो तर बुद्धांच्या उत्तराची धार बोथट होते असं मला वाटतं. कारण त्यांनी तालपुटाला चांगला विनोद आणि वाईट विनोद अशी वर्गवारी करून दिली नाही. त्यांना खटकलं ते हसवणं आणि स्वर्ग यांच्यामध्ये घातलेलं बरोबरीचं चिन्ह. लोक खूश झाले म्हणजे मी पुण्य केलं, हा हिशेब. आणि हा हिशेब वाईटातल्या वाईट विनोदाला जसा लागू, तसा माझ्या भाचीच्या शुद्ध सुरातल्या भीमगीतालाही लागू. जयंतीच्या मंचावरून उतरताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज असतं ते गाण्याचं किती आणि टाळ्यांचं किती, मला पेटीवर बसून दिसतं. तिथंही धोका आहेच. फक्त तिथं कुणी तिच्या मायची टर उडवत नाही म्हणून तो दिसत नाही.

आमच्याच जिल्ह्यात याहून वेगळी गोष्ट सांगणारे लोक आहेत. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून जवळ, कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला लाखोंनी गोंड बांधव तिथं येतात. त्यांच्या कथेत मायेची लेकरं गुहेत कोंडली जातात, तोंडाशी प्रचंड शिळा. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेची वाट शोधतो, आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक किंगरी वाजवून त्या लेकरांच्या अंगात बळ आणतो. आतून पोरं रेटा देतात, शिळा ढळते, पोरं सुटतात, आणि वाजवणारा त्याच शिळेखाली सापडून जातो. माझा एक गोंड सहकारी शिक्षक दर वर्षी जत्रेला जायचा. त्याच्यासोबत मीही गेलो आहे. गुहेच्या तोंडाशी उभं राहिल्यावर अंगावर येते ती तिची उंची, आणि आतून बाहेर पाहिलं की उजेडाचा तो एवढा मोठा चौक. मी त्याला विचारलं होतं, हिरासुका स्वर्गात गेला का रे? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की प्रश्नच चुकला असावा. म्हणाला, "पोरं निघाली ना बाहेर!"

त्याच्या उत्तरात वादकाला काय मिळालं याचा हिशेबच नाही. तालपुटाचे आचार्य ऐकतील तर हातातलं काम टाकून पळतील.

जाता जाता हेही सांगतो, की अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची. बौद्धच, पण त्यांच्या परंपरेत मठाच्या अंगणात मुखवटे घालून भिक्षू नाचतात आणि त्या गंभीर नाचाच्या मध्येच एक विदूषक लुडबुड करतो, थोरामोठ्यांच्या खोड्या काढतो. तोही धर्मविधीचाच भाग. एका तालुक्यात दोन प्रकारचे बौद्ध, एक विदूषकाला अंगणात नाचवणारे आणि दुसरे आम्ही, विहारात बसून तो नरकात जाईल का याची चिंता करणारे. रात्री मात्र आम्हीच नाटकाला जाणार.

आणि का जाऊ नये? परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली. गडचिरोलीच्या कुरखेड्याकडचे शेतकरी, विनोदी नट, पाच हजारांवर प्रयोग. झाडीपट्टीच्या मंचाला वरून टांगलेले माइक असतात, नटाला त्यांच्याखाली येऊन बोलावं लागतं. पुढं खड्ड्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. रात्री पडदा उघडतो तो कोंबडा आरवेपर्यंत. पुढच्या रांगेत माणसं सतरंजी आणि चादरी घेऊन बसतात, लेकरं तिथंच झोपतात, आणि विनोदी नटाची एंट्री झाली की आई झोपलेल्या लेकराला हलवून उठवते: "ऊठ, पाय!" लेकराला झोपेतून उठवून दाखवावं असं काहीतरी त्या माणसाजवळ असतं. बुद्धांना बेसावधपणाची चीड होती. ही आई निदान उठवते तरी आहे, असा बचाव मी माझ्या मनाशी करत असतो. बचाव लंगडा आहे, मला माहीत आहे, कारण उठलेलं लेकरू जे पाहतं ते पुष्कळदा नवरा-बायकोच्या भांडणातला फुटकळ चावटपणाच असतो.

पण मला या सूत्रात सगळ्यांत जास्त पकडून ठेवतं ते तालपुटाचं रडणं. बुद्ध त्याला म्हणतात, म्हणूनच तर मी सांगत नव्हतो. तालपुट म्हणतो, भगवंत, तुमच्या बोलण्यानं मला रडू आलेलं नाही. जुन्या आचार्यांनी मला इतकी वर्षं फसवलं, म्हणून रडतो. नरकाची भीती त्याला वाटली नाही. आयुष्यभर ज्यांच्या पाया पडलो त्यांनी खोटं सांगितलं, हे त्याला झोंबलं. पुढं तो भिक्षू झाला आणि अर्हत झाला. थेरगाथेतली त्याची गाथा फार लांब आहे. त्यात तो स्वतःच्या मनाला समोर उभं करून दरडावतो, चुचकारतो, टोमणे मारतो: तूच मला घर सोडायला लावलंस, आता तूच मागं ओढतोस. नाटक सोडलेल्या माणसानं शेवटी दोन पात्रांचा प्रवेशच लिहिला आणि दोन्ही पात्रं आपणच वठवली. मला त्यात फार आनंद होतो. कला सुटत नाही. सुटते ती कलेबद्दलची खोटी आशा.

म्हणून त्या दिवशी विहारातून परतताना भाचीला नरकाबद्दल काही सांगायची मला गरज वाटली नाही. आमच्या काळातले आचार्य कोण, एवढंच डोक्यात घोळत होतं. वाहिनीचा लेखक आहेच, एसएमएस मागणारा सूत्रधार आहे, फलक लावणारी ग्रामपंचायत आहे. आणि पेटीवर बोट ठेवून तिला 'सा' धरायला शिकवणारा मी आहे. ती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा मंचावर गायली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिला उचलून घेऊन "पाहा, सगळे किती खूश झाले!" असं म्हणणारा माणूस मीच होतो. जगातला कोणता मामा असं म्हणणार नाही? तरी तालपुटाच्या आचार्यांचं पहिलं वाक्य बहुधा असंच काहीतरी असेल.

मी तिला बांधावरून चालता चालता सूत्राची उरलेली गोष्ट सांगितली. रडण्याची, आणि रडण्याच्या कारणाची. लोक खूश झाले तर चांगलंच, पण त्यामुळं तुझ्या खात्यावर काही जमा होत नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मंग गायचं कशाला?" मी म्हटलं, गाणं यायला लागलं की माणूस गातो, त्याला कारण लागत नाही. तिनं मान हलवली, पटलं म्हणून की मामाला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. सतराव्या वर्षी मलाही हे पटलं नसतं.

यंदा भाऊबीजेनंतरच्या मंडईला गावात नाटक होतं. तिला गाणारीची भूमिका होती आणि विनोदी नटाबरोबर एक प्रवेश. संहितेत तिच्या काळ्या रंगावरून एक विनोद होता. तालमीत तिनं तो म्हणायला नकार दिला. दिग्दर्शक म्हणाला, लोकांना तोच आवडतो, काढायचा तर दुसरा दे. तिनं दिला. प्रयोगाच्या रात्री ऐन प्रवेशात ती माइकखाली आली, खाली खड्ड्यात माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हा मास्तर पहा, टाळ्या पडल्या की पेटी जोरात वाजवते, मन्ते मला टाळ्यांचं काही नाही!" दोन हजार माणसं माझ्याकडं वळून हसली. तबलजी हसता हसता सम चुकला, आणि पुढची दोन आवर्तनं मला एकट्यालाच ओढत न्यावी लागली.